दवाखान्यातील थंडी

गेल्या वैशाखात आमच्या मावसबहिणीच्या उशाशी शहरातील एका मोठ्या दवाखान्यात आम्ही चार रात्री काढल्या. बाहेर रात्रीही रस्ते तापलेले असत. आत मात्र घरून शाल मागवावी लागली. थंडी थोडी कमी करा, अशी विनंती केली, तेव्हा परिचारिका म्हणाली, “अम्मा, त्याची कळ तळघरात आहे. रात्री तिथे कोणी नसते.” पहाटे पाणी आणावयास निघालो, तो शस्त्रक्रियेची दालने लागली. दारे बंद, दिवे मालवलेले. पण हवा खेळविणाऱ्या यंत्रांची घरघर अखंड चालू होती. ती हवा कोणासाठी, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनातून गेलेला नाही.

आमच्या पिढीला जुना उस्मानिया दवाखाना आठवेल. १९०८च्या मुसीच्या महापुरानंतर शहराची नवी उभारणी झाली, तीत विन्सेंट एश यांच्या आराखड्यावरून १९२५च्या सुमारास ही वास्तू पुरी झाली. जाड भिंती, उंच छते, रुंद व्हरांडे यांमुळे उन्हाळा बाहेरच थबके. २०२०च्या पावसाळ्यात पाणी शिरल्यावर ती रिकामी करावी लागली. तो काळ परत आणा, असे आम्ही म्हणत नाही. शस्त्रक्रियेच्या दालनात गाळलेली हवा तासातून वीस वेळा तरी बदलावी लागते; अतिदक्षता विभागात खिडकी उघडून कसे चालेल? रोग्याच्या श्वासात काटकसर करणे हे पापच होय.

परंतु निजलेल्या रोग्याची गरज वेगळी आणि रिकाम्या खोलीची वेगळी. पंख्याचा वेग पाचव्या हिश्शाने उतरविला, तर त्याला लागणारी वीज जवळजवळ निम्मी होते; हा यंत्रशास्त्राचा साधा नियम आहे. दहा किलोवॅटचा एक पंखा रात्रीचे दहा तास असा मंद ठेवला, तर वर्षाला सुमारे अठरा हजार युनिटे वाचतात. आतबाहेरच्या हवेच्या दाबाचा तोल सांभाळून, रिकाम्या दालनात हे निर्धास्तपणे करता येते. कचेऱ्या, प्रतीक्षागृहे आणि साध्या खोल्या यांत तापमान एका अंशाने वर ठेवले, तरी वातानुकूलनाची सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोचे सांगणे आहे.

हा केवळ पैशाचा हिशेब नव्हे. आपल्याकडील बरीचशी वीज रामगुंडम, कोत्तागुडेम येथील कोळशातून येते. देशाची सरासरी धरली, तर एका युनिटामागे सुमारे सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे त्या एकट्या पंख्यामागे वर्षाला बारा टनांहून अधिक. जगाच्या एकूण उत्सर्जनात वैद्यकीय सेवेचा वाटा ४.४ टक्के असल्याचे २०१९च्या एका आंतरराष्ट्रीय अहवालात म्हटले आहे. भूल देण्याचे वायूही त्यात आले. त्यांतील डेस्फ्लुरेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अडीच हजार पट तापदायक आहे. स्कॉटलंडने २०२३ मध्ये त्याचा वापर थांबविला. उन्हाच्या झळेने कोसळलेला हमाल ज्या दाराशी आणला जातो, त्याच दाराआडून ऊन वाढविणारा धूर निघावा, ही गोष्ट मनाला बोचते.

आमच्या वाचकांत डॉक्टर आहेत, अभियंते आहेत, दवाखान्यांचे विश्वस्तही आहेत. त्यांना आमचे इतकेच सांगणे की, नवी यंत्रे घेण्याआधी एकदा ऊर्जेचे लेखापरीक्षण करवून घ्यावे. २००१च्या कायद्यानुसार त्यासाठी प्रमाणित परीक्षक मिळतात. आणि तळघरातील त्या कळीपाशी रात्री एक जाणता माणूस असावा. वाचलेला पैसा औषधांकडे वळविता येईल.

मावसबहीण आता बरी आहे. घरी येताच तिने पहिली गोष्ट मागितली ती चहा नव्हे. “खिडकी उघडा,” असे ती म्हणाली.