भरतीची तयारी : आधी तपासणी, मग धावणं

अग्निवीर भरतीची तयारी म्हटलं की पहाटेचं धावणं आलंच. सातारा-कोल्हापूरच्या रस्त्यांवर हे रोजचं दृश्य आहे. १.६ किलोमीटर अंतर साडेपाच मिनिटांत कापलं तर पूर्ण गुण मिळतात, म्हणून सेकंदासेकंदाचा हिशेब होतो. २०२३पासून लष्कराच्या भरतीत आधी ऑनलाइन लेखी परीक्षा, मग मैदानी चाचणी आणि त्यानंतर वैद्यकीय तपासणी असा क्रम आहे. अकादमीची फी भरून, वर्ष-दोन वर्षं घाम गाळून मुलगा या शेवटच्या दारात पोचतो आणि तिथे त्याला पहिल्यांदा कळतं, की आपल्याला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही.

हा दोष बहुधा जन्मजात असतो. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलग्यांकडे ते गुणसूत्र एकच असल्याने मुलींपेक्षा त्यांच्यात तो कितीतरी जास्त आढळतो. जग पहिल्यापासून तसंच पाहिलेलं असल्याने मुलाला स्वतःला काही वेगळं जाणवत नाही. यावर औषध नाही, व्यायामही नाही. ‘खात्रीशीर इलाज’ विकणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नये. निदान मात्र रंगीत ठिपक्यांच्या पानांवरून पाच मिनिटांत होतं. जपानच्या शिनोबू इशिहारा यांनी ही पानं तयार केली, तीही सैन्यभरतीसाठीच.

गुडघे एकमेकांना टेकत असतील तर वेळेला फार महत्त्व आहे. हाडांची वाढ चालू असते तोवर छोट्या शस्त्रक्रियेने पाय सरळ होऊ शकतो. वाढ थांबल्यावर हाड कापावं लागतं. पायांमध्ये उशी बांधून झोपल्याने हाड वळत नाही. सपाट तळव्यांची भीती मात्र अनेकदा फुकटची असते. चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान दिसली, पाय दुखत नसला, तर तो दोष सहसा आड येत नाही. कानातला मळ, किडलेले दात ही तर आठवड्याभराची कामं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं सरकारी शाळांत जातातच. आठवी-नववीच्या मुलांना तेव्हाच ही ठिपक्यांची पानं दाखवायला, पाय तपासायला कितीसा खर्च येणार? अकादम्यांनीही फी घेण्याआधी तपासणीचा कागद मागावा. मात्र गावातल्या डॉक्टरांचं मत अंतिम नसतं. भरतीत अपात्र ठरल्यावरही लष्करी रुग्णालयात फेरतपासणी मागता येते. त्याची मुदत तिथल्या तिथे विचारून घ्यावी.