गळती शोधायचे पैसे

मंडळी, आज शनिवार. म्हणजे कोडला सुट्टी आणि गाडीवर चर्चा. पण विषय वाटतो तितका गाडीचा नाही, आपल्या पाकिटाचा आणि सवयीचा आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जुनी टर्बो गाडी दम टाकायला लागली की कित्येकदा चांगला पार्ट काढून फेकला जातो आणि खरा दोष तसाच राहतो. याचं खापर आपण मिस्त्र्यावर फोडतो. मला वाटतं, त्यातला निम्म्याहून जास्त वाटा गिऱ्हाइकाचा आहे. गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही-आम्ही, महिन्याला पगार घेणारे, दुसऱ्याच्या कोडमधले बग शोधायचे तासावर पैसे लावणारे!

थोडी पार्श्वभूमी. २००२ साली स्कॉर्पिओ आली, २००७ मध्ये स्विफ्टचं डिझेल मॉडेल आलं आणि ट्रकवाल्यांच्या तोंडचा 'टर्बो' हा शब्द मध्यमवर्गाच्या पार्किंगमध्ये उतरला. त्या काळातल्या गाड्या आता पंधरा-वीस वर्षांच्या झाल्यात. शहरात त्या फारशा दिसत नाहीत, पण गावाकडे आई-बाबांकडे, काका-मामांकडे अजून रोज धावतात. तुमच्याही घरी एखादी असेल, म्हणून हे लिहितोय.

टर्बोची कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियरने १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक छोटी चक्की फिरवायची, तिच्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्कीने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. दाबली की हवा तापते, त्यामुळे मध्ये इंटरकूलर असतो. टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते इंजिन असा हा सगळा प्रवास रबरी होज पाइपांतून होतो आणि ते पाइप क्लिपांनी आवळलेले असतात. आत बाहेरच्यापेक्षा साधारण १ बार, म्हणजे १५ पीएसआयच्या आसपास जास्त दाब. आता पंधरा उन्हाळे खाल्लेलं रबर, इंजिनाची उष्णता आणि आतून लागणारं तेल यांचा विचार करा. कुठेतरी चीर पडणारच. यालाच बूस्ट लीक म्हणतात.

ही गळती शोधणं अवघड का? कारण गाडी उभी असताना ती बहुधा दिसतच नाही. न्यूट्रलमध्ये रेस केली तरी इंजिनावर भार नसतो, त्यामुळे टर्बो फारसा दाब तयार करत नाही आणि चीर मिटलेली राहते. तुमच्या मशीनवर सगळं नीट चालतं, प्रॉडक्शनला लोड आला की सर्व्हर कोसळतो, तसंच हे.

दुसरी गंमत म्हणजे लक्षणं दिशाभूल करतात. बऱ्याच गाड्यांत एअर फिल्टरजवळ आत येणारी हवा मोजणारा सेन्सर असतो. पुढे वाटेत त्यातली थोडी हवा गळून गेली, हे त्याला कळत नाही. कॉम्प्युटर मोजलेल्या हवेच्या हिशेबाने डिझेल सोडतो, प्रत्यक्षात हवा कमी पोचते आणि मागून काळा धूर निघतो. धूर बघून पहिला संशय जातो इंजेक्टरवर. दम कमी म्हणून दुसरा संशय टर्बोवर. दोन्ही महाग.

आता मामांची गाडी. मामा वर्ध्याला असतात, गाडी जुनी टर्बो डिझेल. कंपनीचं नाव घेत नाही. इतक्या वर्षांनी रबर कुणाचंही फाटतं. समृद्धी महामार्गावर (नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, तो वर्धा जिल्ह्यातूनच जातो) गाडी एकदम शहाण्यासारखी चालायची. सपाट रस्ता, एकसारखा वेग, भार कमी. पण तळेगावजवळचा सत्याग्रही घाट लागला की धाप लागायची. एकदा ट्रकला ओव्हरटेक करताना अर्ध्यातच दम गेला, समोरून एसटी. मामी त्यानंतर त्या गाडीत बसायला तयार नव्हत्या. त्यामुळे प्रश्न नुसत्या मायलेजचा उरला नव्हता.

एका मोठ्या शहरातल्या वर्कशॉपने स्कॅनर लावला. कोड आला पी०२९९, म्हणजे टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी. मग पाइप काढून आतलं तेल बोटाला लावून दाखवलं आणि सांगितलं, "टर्बो गेला." अंदाजपत्रक पन्नास हजारांच्या घरात.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक, तो कोड फक्त दाब कमी आहे एवढंच सांगतो. का कमी आहे हे सांगत नाही. 'रिक्वेस्ट टाइम आउट' असा लॉग आला म्हणून कुणी सर्व्हर भंगारात देत नाही. दोन, त्या पाइपात तेलाचा पातळ थर असणं नेहमीचंच आहे. इंजिनातली तेलकट वाफ ब्रीदरमधून त्याच वाटेने परत जाते. तेल साचून वाहत असेल तर काळजी करावी. नुसतं बोट काळं झालं म्हणून टर्बो मेला असं होत नाही.

मे महिन्यात मी वर्ध्याला गेलो होतो. माझ्याकडे मोबाइलला जोडायचा स्वस्त ओबीडी डोंगल होता. इंजिन बंद, नुसती चावी फिरवून मॅनिफोल्डचा दाब बघितला, तर ९८ किलोपास्कलच्या आसपास. समुद्रसपाटीला तो १०१ असतो, वर्धा त्यापेक्षा सव्वादोनशे-अडीचशे मीटर उंच, म्हणजे आकडा बरोबर आणि सेन्सर खरं बोलतोय. मग घाटात, तिसऱ्या गिअरमध्ये पेडल पूर्ण दाबून बघितलं, तर आकडा दीडशेच्या वर जाईना. हवा होता दोनशेच्या जवळ. हे आकडे कागदावर लिहून आम्ही आर्वी नाक्याकडच्या एका मिस्त्रीकडे गेलो.

त्याने कागद वाचला आणि स्कॅनरला हातसुद्धा लावला नाही. एअर फिल्टर बघितला. टर्बोच्या ॲक्च्युएटरकडे जाणारी व्हॅक्यूमची बारीक नळी बोटांनी चाचपली. टर्बोचा पाइप काढून आतली चक्की हलवून पाहिली. बाजूला किंचित हलते, ते चालतं; पुढे-मागे सरकत नाही, पाती कुठे घासलेली नाहीत. "टर्बोले काही झालं नाही, काकाजी," मामांना म्हणाला.

मग त्याने काढलं आपलं हत्यार. प्लंबिंगच्या दुकानात मिळते ती पीव्हीसीची टोपी, तिच्यात भोक पाडून बसवलेला ट्यूबचा वॉल्व्ह. टर्बोकडचं टोक या टोपीने बंद, इंजिनाकडचं टोक दुसऱ्या टोपीने बंद, दोन्हींवर क्लिपा आवळल्या. मीटर असलेला पायाचा पंप लावला आणि हळूहळू १५ पीएसआयपर्यंत हवा भरली. काटा खाली यायला लागला. म्हणजे गळती याच भागात. बाकी सगळी गाडी संशयातून मुक्त. आपल्या भाषेत बायसेक्ट!

मग भांड्यांच्या साबणाचं पाणी ब्रशने प्रत्येक जोडावर लावलं. बुडबुडा नाही. इथे कुणीही कंटाळून "इंटरकूलरच बदला" म्हणाला असता. याने पहार घेतली, इंजिनाला आधार बघून अलगद रेटा दिला आणि मला म्हणाला, "भाऊ, काट्याकडे पाहा." भार आला की इंजिन आपल्या माउंटिंगवर कलतं, ते तो हाताने करून दाखवत होता. काटा धप्पकन पडला. इंटरकूलरच्या खालच्या पाइपाला, वाकणाच्या पोटाशी, वरून कधीच दिसली नसती अशी चीर होती. इंजिन कललं की उघडायची, सरळ झालं की मिटायची. तिथून साबणाचा फेस नुसता उकळत होता.

पंक्चरवाला ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवतो, ती हीच पद्धत. गॅसची शेगडी जोडताना नळीला साबण लावतात, तीही हीच. यात काहीही नवीन नाही, महाग तर अजिबातच नाही. फक्त वेळ आणि डोकं लागतं.

(घरी करून बघणाऱ्यांसाठी: इंजिन थंड असू द्या, १५ पीएसआयच्या वर जाऊ नका आणि टोपीच्या समोर उभे राहू नका. २ इंच व्यासाच्या टोपीवर तेवढ्या दाबाने साधारण २१ किलोचा जोर येतो. ती सुटली तर दात जातील. टायरवाल्याचा मोठा कॉम्प्रेसर थेट तर मुळीच लावू नका.)

बिल झालं असं: पाइप ११००, दोन क्लिपा १२०, मजुरी १५००. आणि मामा भडकले! "मजुरी पार्टाहून जास्त? काहून बा?" मिस्त्री शांतपणे म्हणाला, "काकाजी, पाइप बदलाले दहा मिनिटं लागतात. कोणता बदलाचा, हे समजाले दोन तास लागले."

मामांनी पन्नास हजारांचं अंदाजपत्रक ऐकलं तेव्हा हळहळले होते, पण त्यातल्या मजुरीवर एक शब्द बोलले नव्हते. कारण तिथे हातात एक चकचकीत खोका येणार होता. इथे हातात आला तो रबराचा तुकडा. मी म्हटलं, "मामा, मला कंपनी पैसे देते ते याच कामाचे. दोन दिवस शोधायचं आणि एक ओळ बदलायची." त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं (माझ्या पगाराबद्दल त्यांना आधीपासूनच शंका आहे) आणि पैसे दिले.

कारखान्यातलं मशीन एका हातोडीच्या ठोक्याने सुरू करणाऱ्या आणि 'ठोका कुठे मारायचा ते कळण्याचे' मोठे बिल लावणाऱ्या कारागिराचा तो ईमेल तुमच्याकडेही येऊन गेला असेल. आपण तो वाचून खूश होतो, दहा जणांना फॉरवर्ड करतो आणि गॅरेजमध्ये गेलं की विसरतो. तिथे आपला पहिला प्रश्न असतो, "पार्ट कितीचा?" मजुरीवर घासाघीस करणं हा तर आपला हक्कच.

आता मिस्त्र्याच्या बाजूने बघा. दोन तास शोधून पाइप बदलला तर गिऱ्हाईक दीड हजारासाठी भांडतं. न शोधता टर्बो बदलला तर पार्टावर कमिशन, मजुरी बिनबोभाट आणि गिऱ्हाईक म्हणतं, "मोठं काम होतं हो." अशा हिशेबात किती दिवस कुणी शोधत बसेल? शोधणारे मिस्त्री कमी होत चाललेत अशी तक्रार करताना, त्यांना आपण जगू देतो का, हेही विचारलं पाहिजे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. शोधण्याचे पैसे द्यायचे तर त्याने खरंच शोधलं की चहा पीत बसला, हे कसं कळणार? उत्तर सोपं आहे: पुरावा मागा. बुडबुडा दाखवा म्हणा. काटा आधी किती पडत होता आणि दुरुस्तीनंतर किती, ते दाखवा म्हणा. आमच्याकडे नवीन पाइप बसल्यावर त्याने पुन्हा हवा भरली, पुन्हा पहार लावली आणि काटा जागचा हलला नाही. नंतर घाटात मॅनिफोल्डचा दाब १९५ च्या पुढे गेला. 'फिक्स केलंय' एवढ्यावर आपण ऑफिसात तिकीट बंद करत नाही. गाडीचं का करायचं?

दुसरा आक्षेप, जुन्या गाडीवर इतका खटाटोप कशाला? उलट जुन्या गाडीवरच जास्त करायला हवा. गळती तशीच ठेवली तर दाब भरून काढण्यासाठी टर्बो गरजेपेक्षा जास्त वेगाने फिरत राहतो. मुळात तो मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारा प्राणी. आज चांगला असलेला टर्बो मग एक दिवस खरंच जातो. आणि फाटक्या पाइपवर नवा टर्बो बसवला, तर पन्नास हजार जाऊन घाटातली धाप कायम राहते आणि नव्या टर्बोचेही हाल सुरू होतात.

तेव्हा पुढच्या वेळी घरची गाडी दम टाकायला लागली तर गॅरेजमध्ये शिरताना पार्टची किंमत विचारू नका. असं म्हणा: "भाऊ, आधी शोधा. शोधायचे इतके पैसे, सापडो न सापडो, मी देतो. सापडलं की मला दाखवा, मग पार्टचं बोलू." आकडा आधी ठरवा आणि काम झाल्यावर त्यातून शंभर रुपयेही कापू नका. गाडी गावाकडे असेल तर हे फोनवरून बाबांना, मामांनाही सांगा. पहिल्यांदा त्यांना पटणार नाही, आमच्या मामांना अजूनही पूर्ण पटलेलं नाही. पण मामी परत गाडीत बसायला लागल्या आहेत.