एमबीबीएसला नंबर लागला, पुढे लेकराचं काय झालं?

आमच्या शिरूर अनंतपाळात एखाद्या मुलाचा किंवा मुलीचा एमबीबीएसला नंबर लागला की मोहल्ल्यात पेढे वाटले जातात. जुम्माच्या नमाजनंतर लोक अब्बांची गळाभेट घेतात, व्हॉट्सॲप ग्रुपवर 'माशाअल्लाह'चा पाऊस पडतो. त्यानंतर साडेपाच वर्षं आपण त्या लेकराला एकच प्रश्न विचारतो, "कितवं वर्ष चालू हाय?" झोप होते का, जेवण जातं का, मन लागतं का, हे कुणी विचारत नाही. आम्ही शिक्षक आहोत, आम्हीही विचारत नव्हतो.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने हा प्रश्न २०२४ साली विचारला. आयोगाच्या कृती दलाने देशभर ऑनलाइन पाहणी केली. एमबीबीएसच्या २५,५९० विद्यार्थ्यांनी आणि ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली. एमबीबीएसच्या २७.८ टक्के मुलांनी सांगितलं की आपल्याला मानसिक आजाराचं निदान झालेलं आहे. गेल्या वर्षभरात आत्महत्येचे विचार आल्याचं एमबीबीएसच्या १६.२ टक्के मुलांनी आणि पदव्युत्तर शिकणाऱ्या जवळपास ३१ टक्के डॉक्टरांनी मान्य केलं. पाहणी ऐच्छिक होती; ज्याला त्रास आहे तो असा फॉर्म भरायला जास्त पुढे येतो, हे लक्षात घ्यायला हवं. म्हणून आकडा थोडा कमी धरा. तरीही तो लहान होत नाही. त्याआधी माहिती अधिकारातून बाहेर आलेल्या आयोगाच्याच आकडेवारीनुसार पाच वर्षांत एमबीबीएसच्या ६४ आणि पदव्युत्तरच्या ५५ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली होती.

या आकड्यांमागची पिढी बघा. २०२४ मध्ये जे इंटर्न किंवा निवासी डॉक्टर होते, त्यांचं शिक्षण कोरोनाच्या काळातून गेलेलं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये प्रवेश घेतलेली बॅच मार्च २०२० मध्ये बोरियाबिस्तर घेऊन घरी आली. शरीररचनेचं विच्छेदन मोबाइलच्या पाच-सहा इंचाच्या पडद्यावर. केंद्राने १ डिसेंबर २०२० पर्यंत वैद्यकीय महाविद्यालयं उघडायला सांगितलं, तोवर आठ-नऊ महिने गेले. त्यांच्यामागच्या मुलांची नीट ३ मेची २६ जुलैला गेली, तिथून १३ सप्टेंबरला. पहिलं वर्ष सुरू व्हायला १ फेब्रुवारी २०२१ उजाडला. लातूरच्या शिकवणीवर दोन-दोन वर्षं घासलेल्या मुलांनी ही तारीख पे तारीख कशी सोसली असेल, हे ज्याच्या घरात असं लेकरू आहे त्यालाच ठाऊक.

आमच्या शाळेतून शिकून गेलेली एक मुलगी त्यातलीच. दोन खोल्यांचं घर, पाच माणसं, एक स्मार्टफोन. तोच फोन धाकट्या भावालाही लागायचा. रेंजसाठी ती गच्चीवर बसायची, ऊन चढलं की शेजारच्या खालाच्या ओसरीत. तिनं एकदा आम्हाला सांगितलं, "सर, लोक मला डॉक्टर म्हणून गोळ्या विचारतात, आणि मी अजून मुडदासुद्धा बघितला नाही." हे हसत सांगितलं होतं. आम्हीही हसलो. आज वाटतं, हसायला नको होतं.

जीवनमान मोजायला जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली आहे. त्यात चार बाजू बघतात: शरीर, मन, नाती आणि परिसर. परिसरात पैसा, घर, सुरक्षितता, प्रवास हे सगळं येतं. आपण 'टेन्शन' म्हणून सगळं एका पोत्यात भरतो, ते बरोबर नाही. घरी परतलेल्या मुलीला अम्मीच्या हातचं जेवण मिळालं, झोप मिळाली. नाती आणि शरीर कदाचित सुधारलं. पण अभ्यासाला जागा नाही, आणि आपण खोटे डॉक्टर होणार ही भीती मनात. बाहेरून बघणाऱ्याला मात्र ती ठणठणीत दिसायची.

वरच्या वर्गातल्या मुलांचं नेमकं उलटं झालं. त्यांना घरी जाताच आलं नाही. १८ एप्रिल २०२१ ला महाराष्ट्रात एका दिवसात ६८ हजारांहून जास्त रुग्ण सापडले. त्याच दिवशी नीट-पीजी ठरलेली होती, तीन दिवस आधी ती पुढे ढकलली. ३ मे रोजी केंद्राने जाहीर केलं की इंटर्नना कोविड ड्युटीवर घ्यावं आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना फोनवरून सल्ला व सौम्य रुग्णांच्या देखरेखीला लावावं. परीक्षा झाली ११ सप्टेंबरला, प्रवेशफेरी सुरू झाली जानेवारी २०२२ मध्ये. म्हणजे कितीतरी महिने निवासी डॉक्टरांची नवी बॅच आलीच नाही आणि तीन बॅचचं काम दोन बॅचनी ओढलं. राज्यात इंटर्नला तेव्हा महिन्याला ११ हजार विद्यावेतन होतं, दिवसाला साडेतीनशेच्या आसपास. आमच्याकडे गवंड्याच्या हाताखालचा माणूसही एवढ्यावर येत नाही. पुढे २०२४ मध्ये ते १८ हजार झालं.

ती दुसरी लाट आणि रमजान एकाच वेळी आले. पीपीई किट एकदा चढवलं की पाणी नाही, लघवीला जाणं नाही. रोजा असो नसो, सगळ्यांचाच रोजा, असं तेव्हा मुलं थट्टेनं म्हणायची. पण इफ्तारच्या वेळी समोरच्या खाटेवरचा माणूस जातो, त्याच्या नातेवाइकाला फोन करायचं काम बावीस-तेवीस वर्षांच्या पोरावर येतं, आणि रात्री होस्टेलवर बोलायला कुणी नाही, यात थट्टा काही नाही.

मुस्लिम विद्यार्थ्यांच्या वाट्याला एक ओझं जास्तीचं आलं. एप्रिल २०२० च्या सुरुवातीला आमच्या शेजारच्या निलंग्यात, मशिदीत थांबलेल्या आंध्र प्रदेशातल्या प्रवाशांपैकी ८ जण पॉझिटिव्ह निघाले. लातूरच्या सरकारी दवाखान्यात त्यांच्यावर उपचार झाले. मात्र टीव्हीवर तबलिगच्या नावानं जे चाललं होतं, त्यानं आजाराला धर्म चिकटवला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० ला परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याचं म्हटलं. निकालाची बातमी छोटी आली. वर्गाच्या ग्रुपवर आधी फिरलेले मेसेज कुणी परत घेतले नाहीत. ज्या मुलानं ते वाचले, त्यानं उद्या त्याच मित्रांबरोबर वॉर्डात उभं राहायचं होतं.

सगळं कोरोनाच्या माथी मारणंही खरं नाही. मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ ला गेली, कोरोनाच्या दहा महिने आधी. तडवी भिल्ल, मुस्लिम, आदिवासी घरातली, डॉक्टर झालेली मुलगी. तीन वरिष्ठ डॉक्टरांवर जातीवरून छळाचा आरोप ठेवला गेला. रॅगिंग, जात, अखंड ड्युट्या, सुट्टी मागायची भीती, हे आधीपासून होतं. साथीनं त्यावरचं झाकण उचललं एवढंच. कृती दलाने निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम नको, अशी शिफारस केली आहे. ७४ तास ही सवलत वाटावी, यावरून आधीचे तास किती असतील ते ओळखा.

आता आपल्या घरातलं बोलू. महाविद्यालयात समुपदेशक नेमला तरी आपलं लेकरू त्याच्याकडे जाईल का? मुलगी असेल तर पहिला विचार, बाहेर कळलं तर रिश्ता कसा येणार. मुलगा असेल तर "मर्द होके रोता क्या". त्यातून नाहीच सुधारलं तर नजर, असर, आमिल, तावीज. दुआ जरूर करावी, आम्हीही करतो. पण शुगर झाली तर आपण तावीजवर थांबत नाही, मग इथंच का? इलाज करून घेणं सुन्नत आहे हे मिंबरवरून आपण कितीदा ऐकलंय. नवव्या-दहाव्या शतकातल्या अबू झैद अल-बल्खी यांनी शरीराच्या आरोग्यासोबत मनाच्या आरोग्यावर स्वतंत्र लिहिलं होतं. १२८४ साली कैरोत उभ्या राहिलेल्या मन्सूरी दवाखान्यात मनोरुग्णांसाठी वेगळी सोय होती. हा आपलाच वारसा, आणि आपणच मानसोपचाराच्या ओपीडीबाहेर तोंड लपवून बसतो.

पैशाचंही तसंच. मौलाना आझाद महामंडळाचं शैक्षणिक कर्ज, मामूंनी दिलेली उसनवारी, विकलेला अर्धा एकर, हे सगळं त्या पोराला रोज आठवत असतं. आठवण करून द्यायला आपण फोन करायची गरज नाही. एखादा विषय राहिला तर राहिला, पुन्हा देता येतो, हे अब्बांनी तोंडानं एकदा म्हणावं. मुलं याचीच वाट बघतात, आणि हे आम्ही तीन-चार जणांकडून ऐकलेलं आहे.

१४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जातं, त्यामुळे दवाखान्यात न्यायला पोलिसांच्या भीतीनं उशीर करू नका. हा क्रमांक आम्ही शाळेच्या फळ्यावर लिहिला, मशिदीच्या नोटीस बोर्डावर लावायला मुतवल्ली साहेबांना दिला. त्यांनी आधी विचारलं, "ये पागलों वाला नंबर है क्या?" मग त्यांच्या पुतण्याचं नाव निघालं, जो सध्या पुण्यात दुसऱ्या वर्षाला आहे आणि तीन महिन्यांपासून घरचा फोन उचलत नाही. त्या दिवशी असरनंतर त्यांनी स्वतः टाचण्या आणल्या.