दुधातील विष आणि इलेक्ट्रोडचा कौल

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने गोळा केले. दूध असुरक्षित ठरावे अशी भेसळ आढळली ती केवळ १२ नमुन्यांत. ‘अफ्लाटॉक्सिन एम-१’ मात्र ३६८ नमुन्यांत मर्यादेपलीकडे गेले होते. हे विष कोणी दुधात मिसळत नाही. बुरशी लागलेला मका, सरकी वा शेंगदाण्याची पेंड जनावराच्या पोटात जाते आणि तेथून ते दुधात उतरते. दूध उकळूनही ते नष्ट होत नाही.

प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत दूध ग्राहकाच्या घरी पोहोचलेले असते. म्हणूनच संकलन केंद्रावर वापरता येतील अशा, प्रतिपिंडे बसविलेल्या इलेक्ट्रोडवर संशोधन सुरू आहे. रक्तशर्करा मोजणाऱ्या पट्टीचे हे भावंड खरे. पण काम कितीतरी अवघड. रक्तात लिटरमागे सुमारे एक ग्रॅम साखर असते. दुधात या विषाची भारतीय मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे जवळपास वीस लाख पटींनी कमी. (युरोपीय संघाची मर्यादा तर याच्याही एक दशांश आहे.)

शिवाय हा रेणू इतका लहान, की दोन प्रतिपिंडांना तो एकाच वेळी धरता येत नाही. त्यामुळे स्पर्धा लावावी लागते. विकर जोडलेले थोडे विष नमुन्यात मुद्दाम मिसळतात. ते आणि दुधातील विष इलेक्ट्रोडवरील मोजक्या जागांसाठी झगडतात. दुधात विष जितके अधिक, तितका विद्युतप्रवाह कमी.

खरी मेख येथेच आहे. उष्णतेने प्रतिपिंडे निकामी झाली तरी प्रवाह कमीच येतो आणि उपकरण निर्दोष दुधालाही दोषी ठरवते. भर उन्हाळ्यात, शीतपेटीविना ठेवलेल्या पट्टीने असा कौल दिला तर दूध ओतून द्यावे लागेल ते उत्पादकाला. पट्टी विकणाऱ्याचे काहीच बिघडणार नाही. तेव्हा विषमुक्त दुधाची जोडचाचणी आणि संशयित नमुन्याची प्रयोगशाळेत फेरतपासणी, एवढे तरी आधी बंधनकारक व्हावे.

आणि चाचणी दुधाचीच का? जनावराने खाल्लेल्या विषाचा अल्प अंशच दुधात उतरतो. पेंडीत त्याचे प्रमाण अनेक पटींनी अधिक, म्हणून मोजण्यासही सोपे. अडचण एवढीच, की बुरशी सर्वत्र सारखी पसरत नाही. एका पोत्यातील मूठभर पेंड तपासून भागत नाही. अनेक पोत्यांतून नमुने घेऊन, दळून, एकत्र करूनच ते इलेक्ट्रोडपर्यंत न्यावे लागतात.