सोनोग्राफी : आधी प्रश्न, मग यंत्र



परदेशात मुलाकडे चार-सहा महिने राहून आलेले ज्येष्ठ दवाखान्यात आले की एक प्रश्न हमखास विचारतात : "डॉक्टर, जर्मनीत माझ्या पोटात दुखू लागले, तर तिथल्या फॅमिली डॉक्टरांनी तिथल्या तिथे सोनोग्राफी केली. तुम्ही मात्र चिठ्ठी देऊन सेंटरवर पाठवता. असे का?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना सोनोग्राफीवर किती विसंबावे, हेही आपोआप उलगडत जाते.

या तपासणीत क्ष-किरण नसतात. असतो तो केवळ ध्वनी. आपल्या कानाला सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. सोनोग्राफीत साधारणपणे २० लाखांपासून दीड कोटी कंपनांपर्यंतचा ध्वनी शरीरात सोडतात आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून चित्र तयार होते. म्हणूनच ही तपासणी गरजेप्रमाणे पुन्हा पुन्हा करता येते. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील डॉ. इयान डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटातील गाठींवर या तंत्राचा उपयोग दाखवणारा निबंध १९५८ साली प्रसिद्ध केला. त्यांच्या एका रुग्ण स्त्रीला जठराचा असाध्य कर्करोग असल्याचे निदान झाले होते. प्रतिध्वनीने दाखवले की ती अंडाशयाची पाण्याने भरलेली मोठी गाठ आहे. शस्त्रक्रियेने ती बाई वाचली. यात एक गोष्ट ध्यानात घ्यावी : तिथे यंत्राला नेमका प्रश्न विचारला गेला होता. गाठ भरीव आहे की पाण्याची?

आज हे यंत्र हातात मावेल एवढे लहान झाले आहे. मग आपल्याकडे ते प्रत्येक दवाखान्यात का नाही? त्याचे प्रमुख कारण आहे गर्भलिंग निदानास प्रतिबंध करणारा कायदा. असा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९८८ साली केला. पुढे १९९४ साली केंद्राचा कायदा आला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. त्यानुसार यंत्राची आणि ते जिथे वापरायचे त्या जागेची नोंदणी लागते. वापरणाऱ्या डॉक्टरांकडे ठरवून दिलेली पात्रता किंवा प्रशिक्षण असावे लागते. ऐंशी वर्षांच्या आजोबांचे मूत्राशय तपासायचे असले, तरी नियम तेच. यामुळे ज्येष्ठांना जिना चढावा लागतो, रिक्षा करावी लागते, हे खरे आहे. परंतु ही शिस्त मुलींच्या जन्माच्या हक्कासाठी आहे, एवढे मनात ठेवले की तो त्रास सुसह्य होतो.

यंत्र जवळ असो वा दोन किलोमीटरवर, त्याचा उपयोग ठरतो तो आपण त्याला काय विचारतो यावर. "एकदा सगळे पोट बघून घ्या" हा प्रश्न नव्हे. ज्येष्ठांच्या बाबतीत ज्या प्रश्नांची उत्तरे सोनोग्राफी उत्तम देते, असे काही इथे सांगतो.

पहिला प्रश्न मूत्राशयाचा. घरातल्या वृद्ध पुरुषाला सतत थेंब थेंब लघवी होते, कपडे ओले होतात. घरचे म्हणतात, "बाबांना लघवी फार होते," आणि डायपर आणतात. प्रत्यक्षात कित्येकदा प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याने मूत्राशय तुडुंब भरलेले असते आणि वरचेवर सांडत असते. हे दुर्लक्षित राहिले, तर मूत्रपिंडांवर दाब येऊन ती निकामी होऊ शकतात. लघवी करून आल्यावर आत किती उरली, हे सोनोग्राफी काही मिनिटांत सांगते. डायपर आणण्यापूर्वी ही तपासणी जरूर करून घ्यावी.

दुसरा प्रश्न पायाचा. अंथरुणाला खिळलेल्या किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीचा एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखू लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे का, हे डॉप्लर सोनोग्राफीने कळते. ही तपासणी त्याच दिवशी व्हावी, आणि तोवर पाय चोळू नये. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखले, तर तपासणीची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

तिसरा प्रश्न पित्ताशयाचा. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येते, ताप येतो किंवा डोळे पिवळे दिसतात. अशा वेळी पित्ताशयातील खडे शोधण्यासाठी सोनोग्राफी ही पहिली तपासणी होय.

आता तिच्या मर्यादा. ध्वनीला हवा आणि हाड भेदता येत नाहीत. त्यामुळे जठर आणि आतडी यांच्या आतले अस्तर सोनोग्राफीत नीट दिसत नाही. वजन घटत आहे, भूक मेली आहे, शौचातून रक्त जाते किंवा हिमोग्लोबिन विनाकारण उतरते आहे, तर सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून निश्चिंत राहू नये. तिथे दुर्बिणीची तपासणी लागू शकते. नॉर्मल अहवालाच्या भरवशावर गेलेले दोन-तीन महिने पुढे महागात पडतात.

याहून गंभीर एक सूचना. वयस्कर व्यक्तीला, विशेषतः मधुमेह असलेल्या, अचानक पोटाच्या वरच्या भागात दुखू लागले, घाम फुटला, मळमळले, तर "गॅस असेल, सकाळी उपाशीपोटी सोनोग्राफी करू" असे म्हणून रात्र काढू नये. हृदयविकाराचा झटका पोटदुखीचे सोंग घेऊन येतो. अशा वेळी आधी ईसीजी, आणि तोही लगेच.

दुसऱ्या टोकाला असते अहवालाची धास्ती. प्रश्नाविना केलेल्या सोनोग्राफीत साठीनंतर काही ना काही सापडतेच. मूत्रपिंडावरची साधी पाण्याची गाठ, यकृतातील पहिल्या श्रेणीची चरबी, थोडी वाढलेली प्रोस्टेट, काही त्रास न देणारा पित्ताशयातील खडा. यांपैकी बऱ्याच गोष्टी वयाबरोबर येणाऱ्या केसांच्या पांढरेपणासारख्या असतात. त्रास न देणाऱ्या पित्तखड्यासाठी बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. यकृतातील चरबी मात्र साखर, वजन आणि चरबीचे प्रमाण तपासण्याचा इशारा देते. काय सोडून द्यावे आणि कशाचा पाठपुरावा करावा, हे अहवालाच्या शेवटच्या दोन ओळी वाचून ठरत नाही. रुग्णाची लक्षणे, वय, इतर आजार आणि औषधे एकत्र पाहून ठरते. म्हणून अहवाल घेऊन आपल्या फॅमिली डॉक्टरांकडे परत यावे. मोबाइलवर एकेक शब्द शोधून रात्रीची झोप घालवू नये.

तपासणीला जाताना काही गोष्टी पाळाव्यात. पित्ताशय पाहायचे असल्यास साधारण सहा ते आठ तास उपाशी राहावे लागते. खाल्ल्यावर पित्ताशय आकसते आणि खडे झाकले जातात. मधुमेहींनी सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी, आणि उपाशी असताना गोळी वा इन्शुलिन घ्यायचे की नाही, हे आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारावे. मूत्राशयासाठी लघवी साठवावी लागते. परंतु वृद्धांना कळ येईपर्यंत ताटकळत ठेवू नये, तिथल्या कर्मचाऱ्यांना तसे सांगावे. जुने अहवाल आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत न्यावी. खड्याचे किंवा गाठीचे माप पाहणाऱ्यागणिक एखाद-दोन मिलिमीटरने बदलू शकते. तेव्हा पाठपुराव्याची तपासणी शक्यतो एकाच ठिकाणी करावी आणि चारचा आकडा पाच झाला म्हणून घाबरू नये. बरोबर जाणाऱ्याने आजी-आजोबांना टेबलावर चढता-उतरताना हात द्यावा. जेल पुसून झाल्यावर लगेच उठवू नये, क्षणभर बसू द्यावे. उपाशीपोटी भोवळ येऊन पडलेल्या वृद्धाला खुब्याचे हाड मोडून घेण्यास तेवढा क्षण पुरतो.

आणि चिठ्ठी हाती घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना दोन प्रश्न अवश्य विचारावेत. यातून आपल्याला नेमके काय कळणार आहे? आणि जे कळेल त्यामुळे माझ्या उपचारात काय बदलेल? हे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे. चांगल्या डॉक्टरांना हे प्रश्न आवडतात, कारण ते त्यांनी स्वतःला आधीच विचारलेले असतात. उत्तर समाधानकारक असेल तर तपासणीला दिरंगाई करू नये. ते तसे नसेल, तर आधी टेबलावर झोपून पोट हाताने तपासून घ्यावे आणि आपली तक्रार सविस्तर सांगावी. पुष्कळदा उत्तर तिथेच सापडते.