संकट माशाने घेतलं नाही!

हल्ली घरोघरी टीव्हीशेजारी काचेची टाकी दिसू लागली आहे. आमच्या पोशीरमध्येही कल्याणहून लोकलने येताना प्लॅस्टिकच्या पिशवीत मासे घेऊन नेरळला उतरणारी मंडळी काही कमी नाहीत. कुणी मुलाच्या हट्टासाठी आणतं, कुणी वास्तूसाठी. वास्तूसाठी आणलेल्या टाकीचं तर गणितच ठरलेलं असतं. आठ सोनेरी गोल्डफिश आणि एक काळा. सोनेरी मासे लक्ष्मी आणतात, काळा वाईट नजर ओढून घेतो म्हणे!

मग आठ-पंधरा दिवसांत एकेक मासा उलटा तरंगायला लागतो. घरातली मोठी माणसं लगेच हात जोडतात. "घरावरचं संकट होतं गं, माशाने अंगावर घेतलं." दुसऱ्या दिवशी नवा मासा आणला जातो. बचत गटाच्या निमित्ताने माझं अनेक घरी जाणं-येणं असतं. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता स्पष्ट बोलायलाच हवं. मैत्रिणींनो, त्या माशाने कुणाचंही संकट घेतलेलं नाही. तो गुदमरून किंवा घाणेरड्या पाण्याने मेला आहे. श्रद्धेच्या नावाखाली आपण आपला निष्काळजीपणा झाकतो, आणि शेजारी उभं असलेलं पोरही तेच शिकतं.

"पण ताई, पाणी तर आरशासारखं असतं आमचं!" असं एक वहिनी मला म्हणाल्या. इथेच तर गफलत होते. पाणी दिसायला नितळ असलं म्हणजे ते माशाला चांगलंच असतं असं नाही. माशाची विष्ठा आणि उरलेलं खाणं पाण्यात कुजतं, त्यातून अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण माशाचे कल्ले जाळतो. निसर्गात यावर उपाय आहे. काही उपयोगी जिवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र बरंच निरुपद्रवी. हे जिवाणू टाकीतल्या खडीवर आणि फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात. ती वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात.

आपल्या भाषेत सांगायचं तर हे टाकीचं विरजण! विरजण लागलेलं नसताना एकदम नऊ मासे सोडले तर दुसरं काय होणार? म्हणून सुरुवातीला दोन-तीनच मासे आणावेत. ओळखीच्या कुणाकडे निरोगी, जुनी टाकी असेल तर तिथली मूठभर खडी मागून आणावी, विरजण लवकर लागतं. आणि गोल्डफिश दिसायला गोजिरा असला तरी तो घाण फार करतो आणि वाढतोही भरपूर. नवखीने गप्पी किंवा मोली पाळावेत. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खातं विहिरीत, हौदात सोडतं तेच हे काटक गप्पी.

दुसरी गोष्ट हवेची. पाऊस पडला की वलगणीचे मासे प्रवाहाविरुद्ध चढतात, ते आपण लहानपणापासून पाहतो. ते पाणी दगडांवर आपटत, फेसाळत येतं, त्यात हवा मिसळलेली असते. टाकीतलं पाणी मात्र जागच्या जागी उभं. एअर पंपाचे बुडबुडे हेच ढवळण्याचं काम करतात. प्राणवायू पाण्यात मुरतो तो मुख्यतः वरच्या पृष्ठभागातून. म्हणूनच टाकी उंच-अरुंद नको, पसरट हवी. तोंड निमुळतं असलेला गोल बाऊल तर नकोच. इटलीतल्या रोम शहराने २००५ साली गोल बाऊलमध्ये मासे ठेवायला चक्क बंदी घातली. उन्हाळ्यात जास्त जपावं लागतं, कारण पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंशाला लिटरमागे साधारण नऊ मिलिग्रॅम, तर तीस अंशाला साडेसात.

आणि बाई, रात्री पंप बंद करू नका! "बिल येतं, घुरघुर आवाज येतो" म्हणून पुष्कळ जणी बंद करतात. लहान पंपाला शून्याच्या बल्बपेक्षाही कमी वीज लागते. उलट टाकीत वनस्पती असतील तर त्याही रात्री प्राणवायू घेतात, म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. ते खेळत नसतात, धापा टाकत असतात. पावसाळ्यात वीज गेली तर मगाने पाणी काढून थोड्या उंचीवरून परत सोडत राहावं आणि तोवर खाणं घालू नये. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावा, नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं मशीनमध्ये उतरतं.

आता मुख्य मुद्दा, पाणी बदलण्याचा. रविवारी टाकी पूर्ण रिकामी करून खडी साबणाने घासायची, ही पद्धत माशांचा जीव घेते. सगळं विरजणच मोरीत जातं! दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत जवळपास सत्तावन्न लिटर पाणी मावतं, म्हणजे साधारण चार हंडे. आठवड्याला त्यातलं पाव, म्हणजे एकच हंडा बदलायचा. काढलेल्या त्याच पाण्यात स्पंज हलकेच पिळून घ्यायचा. ग्रामपंचायतीच्या नळाला टीसीएल पावडर असते. तो क्लोरीन कल्ल्यांना आणि जिवाणूंना घातक, म्हणून पाणी आदल्या दिवशीच उघड्या बादलीत भरून ठेवायचं. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसला तरी प्राणवायू कमी असतो, तेही ढवळून मगच वापरायचं. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, झाडं खूश होतील.

आपल्या कर्जत तालुक्यात उन्हाळ्यात वाड्यांवरच्या बाया हंडाभर पाण्यासाठी पायपीट करतात. अशा ठिकाणी चार हंडे ओतून मासे मारायचे, की एक हंडा बदलून जगवायचे, हे तुम्हीच ठरवा.

खाणंही दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच घाला. आणि कंटाळा आला म्हणून "पुण्य लागेल" असं म्हणत मासे पोशीर नदीत सोडू नका. काच साफ ठेवतो म्हणून विकला जाणारा परदेशी सकर मासा उजनी धरणात पसरलाय आणि तिथल्या मच्छीमारांना डोकेदुखी झालाय.

शेवटचं एक. हौस सगळ्यांची आणि बादल्या उचलायच्या आईनेच, हे बंद करा. मासे ज्याच्या हट्टाने आले त्याच्या हातात मग द्या, मग तो मुलगा असो वा नवरा. नवा मासा आणायच्या आधी घरात एवढंच विचारा, "मागच्या आठवड्यात पाणी कुणी बदललं, आणि किती?" उत्तर मिळालं नाही, तर टाकी रिकामीच बरी.