गाडी किती देते, त्याआधी ती किती घेते

गाडी घ्यायचं ठरलं की आपल्याकडे पहिला प्रश्न निघतो तो अ‍ॅव्हरेजचा. आतली जागा, इंजिन, ब्रेक, एअरबॅग हे सगळं त्यानंतर. लिटरला २४ देणारी गाडी शहाण्या माणसाची आणि १६ देणारी उधळ्याची, हा निवाडा इतका पक्का झाला आहे की सोसायटीच्या पार्किंगमध्येही त्यावर कुणी अपील करत नाही. मला तो मान्य नाही. रोजच्या वापराची गाडी या एका आकड्यावर निवडणारी कुटुंबं पैशाच्या हिशोबातही चुकतात आणि घरच्या माणसांच्या सुरक्षिततेतही तडजोड करतात, असं माझं म्हणणं आहे.

आधी समोरच्या बाजूचं म्हणणं नीट मांडतो. ही सवय कंजूषपणातून आलेली नाही. फियाट आणि अँबेसेडर या दोनच गाड्या दारात दिसायच्या, त्या काळात टाकी भरणं हा पगाराला बसणारा फटका होता. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि कमी पेट्रोलमध्ये लांब जाणारी गाडी मध्यमवर्गाला पहिल्यांदा परवडू लागली. तेव्हा अ‍ॅव्हरेज विचारणं म्हणजे गाडी पोसता येईल का, हे विचारणं होतं. आजही जो टॅक्सी चालवतो, ज्याची गाडी वर्षाला ५०–६० हजार किलोमीटर धावते, त्याच्या घरात लिटरमागचा एकेक किलोमीटर मोजलाच पाहिजे. त्याच्याशी माझा वाद नाही. वाद आहे तो वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर फिरणाऱ्या आणि तरीही टॅक्सीवाल्याचं गणित उसनं घेणाऱ्या कुटुंबाशी.

पहिली गोष्ट त्या आकड्याचीच. माहितीपत्रकावरचा आकडा पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेच्या चाचणीतून येतो. ही चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी रोलरवर उभी करतात आणि ठरलेल्या क्रमाने वेग वाढवत-उतरवत ती सुमारे २० मिनिटं चालवतात. वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही आणि सरासरी ३२ च्या आसपास राहते. आजवर जाहीर होत आलेले आकडे एसी बंद ठेवून काढलेले आहेत. यात लबाडी काही नाही, कारण सगळ्या गाड्यांना एकाच फूटपट्टीने मोजायचं तर परिस्थितीही सारखीच ठेवावी लागते. पण या चाचणीत मे महिन्यातलं हिंजवडी नाही, कात्रजचा चढ नाही, मागच्या सीटवरची तीन माणसं आणि डिकीतल्या बॅगा नाहीत. शहराच्या गर्दीत एसी लावून चालणाऱ्या गाडीने त्यातले तीस-चाळीस टक्के गमावणं सहज शक्य आहे. शिवाय सगळ्या गाड्या सारख्याच प्रमाणात गमावत नाहीत. लहान इंजिनावर एसीचा आणि माणसांचा भार जास्त जाणवतो, त्यामुळे माहितीपत्रकावरचं मोठं अंतर रस्त्यावर आक्रसतं.

त्याहून मोठी फसगत आकडा मांडण्याच्या पद्धतीत आहे. दोन व्यवहार घ्या. एका कुटुंबाने लिटरला १० देणारी जुनी गाडी बदलून १२ देणारी घेतली. दुसऱ्याने २० देणारी बदलून २४ देणारी घेतली. जास्त पेट्रोल कुणाचं वाचलं? मनात उत्तर येतं, दुसऱ्याचं, कारण तिथे चार किलोमीटर वाढले. आता १०,००० किलोमीटरचा हिशोब करा. पहिल्याचं पेट्रोल १,००० लिटरवरून ८३३ वर आलं, म्हणजे १६७ लिटर वाचले. दुसऱ्याचं ५०० वरून ४१७ वर आलं, वाचले ८३. रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात नेमकी हीच गफलत दाखवून दिली. अंतराला इंधनाने भागलं की डोळा फसतो, इंधनाला अंतराने भागलं की खरा खर्च दिसतो. युरोपात १०० किलोमीटरला किती लिटर, असंच विचारतात. आपल्याकडे विशीच्या पुढच्या आकड्यांची जी झुंज चालते, तिच्यात पैशाचा फरक वाटतो त्याच्या निम्माही निघत नाही.

आता रुपयांवर येऊ. समजा, गाडी ऑन-रोड ९ लाखांना पडली, वर्षाला ८,००० किलोमीटर चालली आणि आठ वर्षांनी ३ लाखांना विकली. एकूण धाव ६४,००० किलोमीटर. किंमत घटली ६ लाखांनी, म्हणजे दर किलोमीटरला साधारण ९ रुपये ४० पैसे. विमा, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी मिळून वर्षाला ३०,००० धरले तर आणखी पावणेचार रुपये. पेट्रोल १०४ रुपये लिटर धरू, गाडी प्रत्यक्षात १६ देते असं मानू, तर इंधनाचे साडेसहा रुपये. बेरीज १९ रुपये ६० पैशांच्या आसपास जाते. त्यात पेट्रोलचा वाटा एक तृतीयांश! हीच गाडी १६ ऐवजी २० देऊ लागली तर किलोमीटरमागे १ रुपया ३० पैसे वाचतील, आठ वर्षांत मिळून सुमारे ८३ हजार. रक्कम लहान नाही. पण त्याच शोरूममध्ये, त्याच टेबलावर, ७ लाखांचं कर्ज पाच वर्षांऐवजी सात वर्षांचं करून घेताना कुणी चर्चा करत नाही. ९ टक्के दराने त्या एका सहीचं जादा व्याज सुमारे ७४ हजार होतं. जो माणूस चार किलोमीटरच्या अ‍ॅव्हरेजसाठी तीन शोरूम फिरला, त्याने आठ वर्षांची जवळजवळ सगळी बचत पाच मिनिटांत बँकेला देऊन टाकली.

सीएनजीचंही असंच. पेट्रोलवर १८ देणारी गाडी किलोमीटरला पावणेसहा रुपये घेते. सीएनजी ९० रुपये किलो आणि गाडी किलोला २५ देते असं धरलं तर ३ रुपये ६० पैसे लागतात. महाराष्ट्रात सीएनजीला रोड टॅक्स कमी आहे. तो धरूनही दोन मॉडेलांत ८० हजारांचा फरक उरला, तर तो भरून निघायला सुमारे ३७ हजार किलोमीटर चालवावं लागतं. वर्षाला २० हजार फिरणाऱ्याला ते दोन वर्षांच्या आत साधतं, त्याने डोळे मिटून सीएनजी घ्यावी. आठ हजार फिरणाऱ्याला साडेचार वर्षं थांबावं लागतं. तोवर डिकी सिलिंडरने भरलेली, पंपावर रांग आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट. शिवाय इंजिनाची ताकद घटते, ती वेगळीच.

या ताकदीबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण अ‍ॅव्हरेजवाद्यांचा सगळ्यात घातक समज इथे आहे. ‘पिकअप काय करायचाय, आपल्याला कुठे रेस लावायची आहे?’ हे वाक्य मोठी, जबाबदार माणसं बोलतात. मलाही रेस लावायची नाही. शून्यापासून शंभरपर्यंत किती सेकंदांत, हा आकडा माझ्या दृष्टीने मासिकाची पानं भरण्याच्या कामाचा. पण आपण राहतो सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर. कोकणात उतरायचं तर ताम्हिणी, वरंध, आंबा घाट. साताऱ्याला जायचं तर खंबाटकी. मुंबईहून यायचं तर बोरघाट. पाच माणसं बसलेली छोटी गाडी सगळं मिळून १,३०० किलोची होते. दर १०० मीटरला ६ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ती ताशी ५० ने न्यायची तर नुसतं वजन वर ओढायला १४ अश्वशक्ती खर्च होतात. टायर आणि हवेचा विरोध धरला की हिशोब १९ वर जातो, आणि एसी वेगळा.

आता इंजिन काय देऊ शकतं ते पाहा. वॅगनआरच्या एक लिटरच्या इंजिनाची ताकद पेट्रोलवर ६७ अश्वशक्ती, सीएनजीवर सुमारे ५७. हे आकडे इंजिन मिनिटाला पाच-साडेपाच हजार फेऱ्यांनी गरगरतं तेव्हाचे. त्याचा सीएनजीवरचा जास्तीत जास्त टॉर्क ८२ न्यूटन-मीटर आहे. २,००० फेऱ्यांवर तो पुरेपूर मिळाला असं मानलं तरी फार तर २३ अश्वशक्ती हाती येतात. गरज १९ ची आणि वर एसी. म्हणजे पुढे ताशी ३० ने चढणारा ट्रक, समोर थोडासा मोकळा रस्ता, आणि चालकाच्या पायाखाली शिल्लक काहीच नाही. दोन गिअर उतरवून, इंजिन किंचाळवत तो बाहेर पडतो आणि जितका वेळ ट्रकच्या बाजूला असायला हवा त्याच्या दुप्पट वेळ तिथे राहतो. ह्युंदाई व्हेन्यूच्या एक लिटरच्या टर्बो इंजिनाचा टॉर्क १७२ न्यूटन-मीटर आहे आणि तो १,५०० फेऱ्यांपासूनच मिळतो. त्याच २,००० फेऱ्यांवर ते सुमारे ४९ अश्वशक्ती देतं. ही ताकद चैनीची नाही. समोरून एसटी येण्याआधी आपल्या बाजूला परत यायला ती लागते.

टर्बोच्या बाजूने बोलताना तिचा दोष लपवणं बरोबर नाही. शहराच्या गर्दीत, पाय जड असेल तर अशी गाडी १० वर येते आणि मालकाला पश्चात्ताप होतो. ज्यांचं फिरणं नव्वद टक्के शहरातलं आहे आणि घाट वर्षातून दोनदा, त्यांना साधं १.२ लिटरचं इंजिन पुरतं. घाटात दोनच माणसं असतील तर लहान इंजिनही कुरकुरत नाही. दर पंधरा दिवसांनी आईवडील आणि मुलांसकट गावी जाणाऱ्यांनी मात्र अ‍ॅव्हरेज बघून सगळ्यात अशक्त इंजिन निवडू नये, हे मी आग्रहाने सांगेन.

दुसऱ्या टोकाची एक फळी आहे. ती म्हणते, अ‍ॅव्हरेज देणारी गाडी म्हणजे पातळ पत्रा, म्हणजे मरणाची तयारी. दार धाडकन लागतं ती गाडी मजबूत. हेही तितकंच चूक. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या अपघात-चाचणी करणाऱ्या संस्थेने पाच भारतीय छोट्या गाड्यांचे निकाल जाहीर केले आणि पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्यांत दाराच्या आवाजासाठी वाखाणली जाणारी फोक्सवॅगन पोलोही होती, कारण चाचणीतल्या त्या मॉडेलला एअरबॅग नव्हत्या. पोलोचा सांगाडा भक्कम होता, तरी आतल्या माणसाचं डोकं वाचवायला तेवढं पुरलं नाही. उलट बाजूचा पुरावा नोव्हेंबर २०२४ मधला. मारुतीच्या नव्या डिझायरला मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी पाच तारे मिळाले, आणि त्याच गाडीचा पेट्रोल मॅन्युअलचा जाहीर आकडा लिटरला २४.७९ किलोमीटर आहे. त्याच कंपनीच्या आधीच्या स्विफ्टला डिसेंबर २०२२ मध्ये एकच तारा मिळाला होता. म्हणजे हलकी गाडी सुरक्षित करता येते, कंपनीने मनावर घ्यावं लागतं आणि ग्राहकाने मागावं लागतं. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपची चाचणी देशातच होते. तारे बघायला पैसे पडत नाहीत, मग पत्रा बोटाने ठोकून बघायची गरज काय?

रिसेलबद्दल थोडक्यात. विकताना पन्नास हजार जास्त येतात म्हणून घेताना लाखभर जास्त मोजणं हा व्यवहार नाही. आठ-दहा वर्षं गाडी वापरणाऱ्यांनी तर हा मुद्दा यादीत शेवटी ठेवावा.

मग पर्याय काय? गेल्या वर्षभरात आपण किती किलोमीटर फिरलो ते आधी सर्व्हिसिंगच्या पावत्यांवरून काढावं, अंदाजाने नको. त्यावर वर केला तसा किलोमीटरमागचा पूर्ण हिशोब मांडावा. टेस्ट ड्राइव्हला एकट्याने जाऊ नये. घरची चार माणसं बसवावीत, एसी लावावा आणि गाडी जवळच्या एखाद्या चढावर न्यायचा हट्ट धरावा. आताच्या गाडीचं खरं अ‍ॅव्हरेज डॅशबोर्डवर बघू नये. एकाच पंपावर नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडेपर्यंत टाकी भरावी, ट्रिप मीटर शून्यावर आणावा आणि पुढच्या वेळी तसंच भरून भागाकार करावा. २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आता सगळीकडे आहे. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असते, म्हणून जुन्या गाड्यांचा आकडा थोडा उतरलेला दिसेल, तोही हिशोबात धरावा.

ग्राहकाने एवढं करायचं, तर माहिती देणाऱ्यांनीही थोडं करायला हवं. अमेरिकेत नव्या गाडीच्या काचेवरच्या कागदावर शहर आणि महामार्ग यांचे आकडे वेगवेगळे छापतात, ठरावीक अंतराला किती इंधन लागतं ते लिहितात आणि वर्षाचा इंधनखर्चही डॉलरमध्ये देतात. तिथल्या चाचणीत एसी लावूनही गाडी चालवली जाते. जपानमध्ये शहर, उपनगर आणि महामार्ग असे तीन आकडे मिळतात. आपल्या शोरूममध्ये एकच आकडा आणि खाली बारीक अक्षरांत टीप. १०० किलोमीटरला किती लिटर, शहरात किती, महामार्गावर किती आणि एसी लावून किती, हे चार आकडे प्रत्येक गाडीच्या काचेवर सक्तीने छापले गेले पाहिजेत. चाचणी करणारी यंत्रणा पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर आहे, मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काम करते आहे. तिच्यासारख्या संस्थांनी ही मागणी लावून धरावी आणि गाडी बुक करण्याआधी प्रत्येकाने विक्रेत्याकडे हे आकडे लेखी मागावेत.